ब्लँकेट म्हणजे घोंगडी

पाचवीत आम्हाला इंग्रजी शिकवणारे मास्तर शब्दांचे अर्थ वर्गाकडून घोकून घ्यायचे. पॉट म्हणजे भांडं, मॅट म्हणजे चटई, ब्लँकेट म्हणजे घोंगडी. सगळी पोरं एका सुरात ओरडायची, मीही ओरडायचे. पुढं मी स्वतः लोणावळ्यातच तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं आणि एवढ्या वर्षांत फळ्यावर ब्लँकेटच्या पुढं घोंगडी असं एकदाही लिहिलं नाही. पांघरूण लिहायचे. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, "बाई, घोंगडी का नाही? पुस्तकात तर तसंच आहे." म्हटलं, "पुस्तकात असेल. पण ती घोंगडी नाही." त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. खुशाल टिपा म्हटलं मनात. माझी नोकरी काही त्यांच्या वहीवर चालली नव्हती.

आम्ही राहायचो ते मुंबईच्या एका साहेबांच्या बंगल्यामागच्या खोलीत. खोलीला आउटहाउस म्हणायचे. एक खोली, पुढं पडवी, मागं ओढ्यापर्यंत उतरत गेलेली दोन-तीन गुंठे जागा. माझे वडील, म्हणजे आबा, बंगल्याचे माळी होते आणि राखणदारही. आई झाडलोट आणि धुणं बघायची. साहेब आणि त्यांच्या बाईसाहेब वर्षातून तीनदा यायचे, मे महिन्यात, दिवाळीत आणि नाताळात. उरलेलं वर्ष त्यांचं घर आम्ही जगवायचो. मागच्या जागेत आबांनी अळू, भेंडी, घेवडा असं काय काय लावलं होतं, ओढ्याच्या कडेला एक फणस वाढवला होता. त्या फणसाचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कौतुक होतं, हे मी रागानं नाही सांगत. खरंच होतं.

लोणावळ्याचा पावसाळा म्हणजे चार महिने बुरशी. चपलेला बुरशी, भिंतीला बुरशी, मिठाचं तर पाणीच. त्यात बंगल्यातली ब्लँकेटं मोठ्या पेटीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली असायची. दसरा झाला, ऊन चांगलं पडायला लागलं की आई ती बाहेर काढायची. आधी हात साबणानं कोपरापर्यंत धुवायची, लुगडं बदलायची आणि मग हिरवळीवर आधी चादरी आणि त्यांच्यावर ब्लँकेटं पसरायची. पांढरी, अगदी सायीसारखी, काठाला रेशमी पट्टी. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा त्यातल्या एकावर गाल टेकवला. आईनं पाठीत असा धपाटा घातला की श्वास अडकला. "डाग पडला तर तुझा बा भरून देनार हाय व्हय?" माझ्या गालाचा डाग पडतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

आबांची घोंगडी काळी होती. त्यांच्या आज्यानं ती विणून घेतलेली. चिंचोक्याच्या खळीनं कडक झालेली, अंगाला टोचायची, आणि पावसाची सर लागली की तिला मेंढराचा वास सुटायचा. रोजच्या वापराला ती नव्हती, खोलीतल्या कपडे टाकायच्या वलणीवर घडी करून ठेवलेली असायची. तिचं काम वेगळं होतं. आमच्या गावाकडं, भाजे लेण्यांच्या अंगाला, सोयरीक ठरायची ती घोंगडीवर. भावाभावांची वाटणी व्हायची ती घोंगडीवर. आधी पायताण काढायचं, चिमूटभर भंडारा टाकायचा, मग बसायचं, आणि बसून जे बोललं ते बोललं. कागद नाही, अंगठा नाही. कागद मागणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकणं. घोंगडीवर बसून शब्द फिरवलेला माणूस मी तरी ऐकला नव्हता, कारण ज्याला फिरवायचा असेल तो मुळात बसायचाच नाही. गुडघा दुखतो म्हणायचा, गोठ्यात गाय अडलीय म्हणायचा आणि उभाच राहायचा. उभा राहिला की लोक समजून घ्यायचे.

मी नववीत होते त्या वर्षी शेजारचा बंगला विकला गेला. तिथला माळी वीस वर्षांचा जुना. नव्या मालकानं आठवड्यात त्याला बाहेर काढलं. बायकोपोरं, बोचकी आणि एक शेळी घेऊन तो आमच्या दारावरून गेला तेव्हा आबा हातातली पाण्याची झारी तशीच धरून उभे राहिले. झारीतलं पाणी त्यांच्या पायावर सांडत होतं.

आबांच्या भीतीला आणखी एक कारण होतं. गावाकडच्या घरात आणि एक एकराच्या भाताच्या खाचरात त्यांचा निम्मा वाटा होता. तिथं राहायचा धाकटा भाऊ, माझा चुलता. घराची भिंत कललेली, त्याची पोरं वाढलेली, तो आबांच्या मागं लागला होता. "दादा, एक काय ते सांग. तू यायचा असशील तर निम्मं घर मोकळं करतो. न्हाईतर सगळं मला दे, मी भिंती घालतो. दोन्हीकडं पाय ठिवून कसं चालंल?" चुलत्याचं काही चुकत नव्हतं. आबांना फक्त एकच गोष्ट पक्की हवी होती. म्हातारपणी डोक्यावर छप्पर इथलं की तिथलं. इथलं मिळणार असेल तर तिथलं भावाला देऊन टाकायला ते तयार होते.

त्या नाताळात त्यांनी साहेबांना गळ घातली, "सायेब, येकडाव आमच्या दारात या." साहेब आणि बाईसाहेब दुपारचे फिरून परत येताना आले. आबांनी पडवी सारवून घेतली होती, मधोमध घोंगडी अंथरली होती, भंडारा टाकला होता. "बसा सायेब." साहेब थांबले, खाली वाकले आणि त्यांनी बूट काढले. नवे बूट होते, टाच सोलली होती, ते बसल्या बसल्या टाच चोळत राहिले. मला ते दिसलं. आबांना फक्त बूट काढलेले दिसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आबा घोंगडीच्या कडेला बसले, हात जोडून म्हणाले, "माजी मागनी काय मोठी न्हाई. ही खोली आन मागचं येवडं वावर. आमी दोगं हाय तवर ऱ्हाऊ द्या. मागनं तुमचं तुमी घ्या. पोरगी जाईल आपल्या घरी."

"अरे, त्यात काय?" साहेब म्हणाले. मराठी त्यांना बरं यायचं. "ही जागा तुझीच समज. तू आहेस तोपर्यंत तुला इथून कोण काढतो? मी शब्द दिला."

आबांनी घोंगडीला हात लावून तो कपाळाला लावला. बाईसाहेब पडवीच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं की हा काय प्रकार आहे, आणि असं बोलून आपण कुठं अडकणार तर नाही ना. साहेब हसले. चहा छान झालाय म्हणावं अशा गोड आवाजात त्यांनी इंग्रजीतच उत्तर दिलं. हे भयंकर ब्लँकेट टोचतंय, पण दोन मिनिटं बसलं की म्हातारा खूश. शब्दाला काय पैसे पडतात?

मी चौकटीला टेकून उभी होते. मला सगळं कळलं. भाषा शिकताना एक दिवस असा येतो म्हणतात की समोरचं बोलणं आपोआप उलगडायला लागतं. माझा तो दिवस तो होता. माझ्यावर असा दिवस यायला नको होता.

ते गेल्यावर आबांनी मला जवळ बोलावलं. त्यांच्या तोंडावर अभिमान होता, पोरीला इंग्रजी येतं आणि आज ते कामाला आलं याचा. "काय म्हन्लं गं सायेब बाईस्नी?"

"घोंगडी लय आवडली म्हणाले."

आबा नुसतं "व्हय?" म्हणाले. मग घोंगडी झटकली, घडी केली आणि वलणीवर ठेवताना तिच्यावरून दोनदा हात फिरवला.

आता तुम्ही म्हणाल, पोर होती, घाबरली. घाबरले होतेच. पण नुसती भीती नव्हती. बाईसाहेब मला जुनी इंग्रजी पुस्तकं द्यायच्या. त्या नाताळात त्यांनी मला एक फ्रॉकही दिला होता, आणि पुढच्या वर्षी मॅट्रिकची पुस्तकं देते म्हणाल्या होत्या. मी खरं सांगितलं असतं तर आबा तसेच उठून त्यांच्याकडं गेले असते, आणि माझी पुस्तकं गेली असती. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं आणि मी बोलले. चौदा वर्षांची पोरगी भोळी असते असं म्हणणाऱ्यांनी चौदा वर्षांची पोरगी पाहिलेली नसते.

साहेब मुंबईला गेले. बंगल्याच्या किल्ल्या आबांकडं असायच्या. आठवड्यातून एकदा खिडक्या उघडायच्या म्हणून मी वर गेले आणि दिवाणखान्याच्या कपाटातून साहेबांचा मोठा इंग्रजी कोश काढला. मी शोधत काय होते ते सांगते. माझं इंग्रजी चुकलं असेल, त्या वाक्याचा दुसरा काही अर्थ असेल, हे मी शोधत होते. भयंकर या शब्दाचा त्यांच्यात लाडाचा अर्थ असेल. म्हातारा हा प्रेमाचा शब्द असेल. एकेक शब्द काढला. एकही अर्थ बदलला नाही. शेवटी ब्लँकेट काढलं. पांघरायचं जाड लोकरी कापड, हे आधी. खाली बारीक अक्षरात शब्दाचं मूळ दिलं होतं. जुन्या फ्रेंचमध्ये पांढऱ्याला जो शब्द आहे त्याच्यापासून हा आला. न रंगवलेलं पांढरं लोकरी कापड, ते ब्लँकेट. म्हणजे शब्दाच्या पोटातच पांढरं होतं. मास्तरांनी पाचवीत आम्हाला चुकीचं शिकवलं होतं. मी कोश जागेवर ठेवला, खिडक्या लावल्या आणि खाली आले.

नंतर शिकवायच्या निमित्तानं त्या शब्दाचं आणखी काय काय वाचलं. कुणी सांगतात की तिकडच्या एका विणकराच्या आडनावावरून हा शब्द पडला. ती कथा खोटी आहे, शब्द विणकराच्या आधीचा. पण खोटी का होईना, एका विणकरावर त्यांनी कथा तरी रचली. दुसऱ्याच्या आनंदावर पाणी टाकणाऱ्या माणसाला ते ओलं ब्लँकेट म्हणतात. आपल्याकडं घोंगडं भिजत पडतं म्हणजे प्रकरण लोंबकळतं. सरसकट सगळ्यांना लागू होणाऱ्या हुकुमालाही ते ब्लँकेट हाच शब्द जोडतात. एकाच कापडानं सगळे झाकले की खाली कोण आहे ते बघायला नको. हे मला पटतं. बाकी तिकडं घोंगडीवर बसून शब्द देतात असं कुठल्या कोशात मला सापडलं नाही.

मी कोश बघितला त्यानंतर पंधरा दिवसांनी चुलता आला. त्याच पडवीत, तीच घोंगडी. आबा त्याला म्हणाले, "घर तुजं, खाचर तुजं. मला हितं जागा हाय." चुलत्यानं विचारलं, "दादा, नीट इचार केलास न्हवं?" आबा म्हणाले, "सायबानं बूट काढून शबूद दिलाय." मी आत चुलीशी बसले होते. भाकरी करपली. आई ओरडली. उठून बाहेर जायला चार पावलं होती. मी करपलेली भाकरी तव्यावरून काढली आणि दुसरी थापली.

आबांनी भावाला दिलेला तो शब्द मात्र पाळला गेला. चुलत्यानं भिंती घातल्या, कौलं बदलली, त्याच्या पोरांची लग्नं त्या घरात झाली, आणि आबांनी पुढं कितीही हाल काढले तरी त्या घराकडं बोट दाखवलं नाही. घोंगडीवर एकदा बोललं म्हणजे बोललं.

मग सहा-सात वर्षं काहीच झालं नाही. मी मॅट्रिक झाले, त्या बाईसाहेबांच्या पुस्तकांवरच झाले, अध्यापिकेचा कोर्स केला, शाळेत तात्पुरती लागले. मला वाटायला लागलं होतं की साहेबांचा शब्द फुकटचा असला तरी टिकेलही. फुकटच्या पुष्कळ गोष्टी टिकतात.

साठी उलटली तेव्हा आबांची कंबर वाकली होती. त्या वर्षी दिवाळीनंतर साहेब आणि बाईसाहेब एका पाहुण्याला घेऊन आले. पाहुणा पावलं टाकून आवार मोजत होता. दुसऱ्या दिवशी साहेबांनी आबांना बोलावलं, मागोमाग आई आणि मीही गेलो, आणि त्यांनी सांगितलं की बंगला विकलाय, महिनाअखेर सामान मुंबईला जाईल, तोवर खोली मोकळी कर. आवाज चढवला नाही. त्यांनी कधीच चढवला नाही.

आबा म्हणाले, "पर सायेब, तुमी घोंगडीवर बसून शबूद दिल्याला व्हता."

साहेबांनी बाईसाहेबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग परत आबांकडं. "कसली घोंगडी?" ते म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते हो. हेच तर मला आजही सहन होत नाही. खोटं बोलले असते तर त्यांना आठवत होतं असं तरी झालं असतं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. आमचं घर, आमचं खाचर, आबांचं उरलेलं आयुष्य ज्यावर उभं होतं ती दोन मिनिटं त्यांच्या डोक्यात उरलीच नव्हती.

बाईसाहेबांना वाईट वाटलं. त्या आत गेल्या आणि पेटीतलं एक ब्लँकेट घेऊन आल्या. पांढरं, रेशमी पट्टीचं, कोपऱ्याला थोडी कसर लागलेलं. "थंडीत होईल," म्हणाल्या आणि आईच्या पुढं धरलं. आईनं ते लगेच घेतलं नाही. ती नळावर गेली, हात साबणानं कोपरापर्यंत धुतले, पदराला पुसले आणि मग घेतलं. मला तिच्या हातातून ते ओढून ओढ्यात फेकावंसं वाटलं. फेकलं नाही. पुढं गावठाणातल्या भाड्याच्या खोलीत, जिथं छपरातून पाणी गळायचं, आबा शेवटच्या दुखण्यात तेच पांघरून पडून होते, आणि ते उबदार होतं हेही मला सांगितलं पाहिजे.

खोली मोकळी करायच्या आदल्या दिवशी दुपारी आबा फणसाखाली बसले होते. मी ठरवून गेले होते. म्हटलं, "आबा, त्या दिवशी साहेब बाईंना जे बोलले ना—"

"जाऊ दे," ते म्हणाले. "इसरला आसंल. येवडा मोटा कारभार, मानूस इसरतो. त्यो मानूस वाईट न्हाई. घोंगडी लय आवडली व्हती न्हवं त्याला?"

ते माझ्याकडं बघत होते. त्यांच्याकडं आता धरून ठेवायला तेवढं एकच वाक्य होतं, आणि ते माझं होतं. मी मान हलवली.

आबा उठले, खोलीत गेले, वलणीवरची घोंगडी काढली. उन्हात झटकली, चार पदरी घडी केली, वर चिमूटभर भंडारा टाकला. आई म्हणाली, "आवं, ही कुटं निगाली?" आबा म्हणाले, "त्याला आवडली व्हती. आपल्याला आता काय करायची? घर न्हाई, वाटनी न्हाई." पोरीची सोयरीक अजून व्हायची होती, ती घोंगडीवर व्हायची होती, हे आई बोलली नाही. आबा बंगल्याच्या मागच्या दारानं गेले आणि घोंगडी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून आले. साहेब झोपले होते, म्हणून निरोप सांगितला नाही म्हणाले. त्यांना कळेलच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बोचकी घेऊन आम्ही फाटकाशी उभे होतो. आवारात मुंबईचा ट्रक लागला होता. हमाल सामान चढवत होते, खुर्च्या, आरसे, ती मोठी पेटी. शेवटी फ्रिज आला. दोघांनी तो पायरीवर टेकवला आणि एक जण आत जाऊन आबांची घोंगडी घेऊन आला. ओरखडे पडू नयेत म्हणून त्यांनी ती फ्रिजभोवती गुंडाळली, वरून सुंभ आवळला आणि फ्रिज आडवा करून ट्रकात ढकलला. काळी घोंगडी सगळ्या सामानात लांबूनही दिसत होती.

ट्रक आमच्यासमोरून बाहेर पडला. आबांनी कपाळावर हात धरून तो वळणाआड जाईपर्यंत पाहिला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बघ. म्हन्लं न्हवतं? बरूबर घिऊन गेला."

मी म्हटलं, "व्हय आबा."